धाव धरायची की नाही? : सॉफ्टबॉलचे वाकडे नियम आणि त्यामागची भांडणं

आमचा नगर जिल्हा तसा क्रिकेटचा. झहीर खान श्रीरामपूरचा आणि अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, एवढं सांगितलं की नगरकराची कॉलर आपोआप ताठ होते. पण याच अहमदनगरचं (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) एका दुसऱ्या देशाशी फार जुनं नातं आहे. तो देश म्हणजे अमेरिका. बोस्टनच्या संस्थेने पाठवलेले अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणं मांडलं. 'अमेरिकन मराठी मिशन' हे नाव नगरमध्ये जुन्या माणसांच्या तोंडी अजून सापडतं.

आता गंमत बघा. अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणजे बेसबॉल. त्याचे आज वापरात असलेल्या नियमांचे पूर्वज म्हणता येतील असे लेखी नियम न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने केले ते २३ सप्टेंबर १८४५ रोजी. म्हणजे अमेरिकन माणूस नगरला पोचला तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशात त्याच्या खेळाचे हे नियम कागदावर उतरायला अजून चौदा वर्षं होती!

आज त्या बेसबॉलचं धाकटं भावंड, म्हणजे सॉफ्टबॉल, नगर जिल्ह्यातल्या शाळांच्या क्रीडास्पर्धांत खेळलं जातं. आणि दुसऱ्या टोकाला आपली आयटीवाली मंडळी आहेत. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात गेली की कंपनीच्या सॉफ्टबॉल टीममध्ये त्यांना हटकून ओढलं जातं. "तू क्रिकेट खेळायचास ना? मग हे तर सोप्पं आहे!" मारायला सोपं असतं, ते खरंय. घोळ होतो तो पळताना. सातवीतल्या पोराला आणि सात वर्षं अनुभव असलेल्या सीनियर इंजिनियरला मैदानावर पडणारा प्रश्न अगदी एकच असतो. "ती धाव धरली की नाही? आणि नाही, तर का नाही?"

नियमपुस्तक उघडलं तर आणखी गोंधळ. जर-तर-परंतु, अपवाद, अपवादाला अपवाद. कोणीतरी वीस वर्षं जुन्या कोडमध्ये 'इफ'वर 'इफ' चढवत गेलंय असं वाटतं. पण जुन्या कोडचा एक धडा आपल्याला ठाऊक असतो. विचित्र दिसणारी ओळ सहसा उगाच नसते, कधीतरी काहीतरी फुटलेलं असतं आणि कोणीतरी ते रात्री जागून दुरुस्त केलेलं असतं. सॉफ्टबॉलचे नियम तसेच आहेत. प्रत्येक वाकड्या नियमामागे एक भांडण आहे. भांडण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

आधी थोडक्यात खेळ

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी. एक चौकोन, चार कोपरे. एक कोपरा 'होम', बाकी तीन बेस. बॅटरने चेंडू मारायचा आणि पहिल्या बेसकडे पळायचं. मग दुसरा, तिसरा, आणि परत होम. पूर्ण फेरी झाली की एक धाव. तीन जण बाद झाले की बाजू बदलते. सॉफ्टबॉलमध्ये अशा सात इनिंग असतात, बेसबॉलमध्ये नऊ. चेंडू खांद्याखालून टाकायचा. बेसमधलं अंतर वेगवान प्रकारात ६० फूट, तर बेसबॉलमध्ये ९० फूट.

क्रिकेटवाल्याचं डोकं इथेच अडकतं. क्रिकेटमध्ये मारल्यावर पळायचं की नाही ही आपली मर्जी. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हद्दीत मारला की पळावंच लागतं. हा एवढा एक फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण यातूनच निघतं.

लगोरी ते खो-खो

निकरबॉकरच्या आधी अमेरिकेत गावोगावी बेसबॉलचे वेगवेगळे प्रकार चालायचे. त्यांतल्या बऱ्याच प्रकारांत पळणाऱ्याला बाद करायची पद्धत आपल्याला फार ओळखीची वाटेल. सरळ चेंडू फेकून मारायचा. लागला की बाद. आपल्या लगोरीत दुसरं काय असतं? पाठीत चेंडू बसला की पाठ लाल आणि गडी बाद.

१८४५ च्या वीस नियमांतल्या एकाने हे बंद केलं. पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू फेकायचा नाही. त्याला हातातल्या चेंडूने शिवायचं, किंवा तो पोचायच्या आत चेंडू बेसवर पोचवायचा. याचा एक परिणाम असा की पुढे चेंडू कडक करता आला, कारण आता तो कोणाच्या पाठीत घालायचा नव्हता. चेंडू कडक झाला, लांब जायला लागला, मैदान मोठं झालं. एका ओळीने खेळाचं रूप बदललं.

पण त्याबरोबर एक नवा प्रश्न आला. कोणाला 'शिवावं' लागतं आणि कोणासाठी नुसता बेसला पाय लावला की भागतं? याचं उत्तर इंग्रजी पुस्तकात 'फोर्स' या शब्दाखाली दोन परिच्छेदांत असतं. मराठी माणसाला ते एका शब्दात सांगता येतं. खो!

खो-खोत मागून खो मिळाला की बसलेल्या गड्याला उठावंच लागतं, कारण खो देणारा त्याच्या जागी बसणार असतो. एका जागेवर दोघं नाहीत. सॉफ्टबॉलमध्ये बॅटरने चेंडू मारला की त्याला पहिल्या बेसवर जावं लागतं. म्हणजे पहिल्या बेसवर जो उभा आहे त्याला त्याने खो दिला. तो दुसऱ्यावर जाणार, म्हणून दुसऱ्यावरच्याला खो. अशी ही साखळी.

ज्याला खो मिळालाय त्याला परत फिरायची सोयच नाही. म्हणून त्याला बाद करायला अंगाला शिवायची गरज नाही. तो जिथे जायला बांधलेला आहे त्या बेसवर चेंडू आधी पोचला की खेळ खल्लास. पण मधली जागा रिकामी असेल तर साखळी तुटते. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं आहेत, दुसरा मोकळा आहे, तर पहिल्यावरच्याला खो आहे, तिसऱ्यावरच्याला नाही. तिसऱ्यावरचा पळाला तर स्वतःच्या हौसेने पळाला. त्याला बाद करायचं तर शिवावं लागेल.

आणि दुसरी गोष्ट. खो देणाराच बाद झाला तर खो रद्द. बॅटरचा झेल गेला, तो पहिल्या बेसवर जाणारच नाही, मग कोणाला उठायची सक्ती नाही. उलट सगळ्यांना आपापल्या जागी परत यावं लागतं. एवढं कळलं की नियमपुस्तकातली निम्मी पानं वाचून झाली असं समजा.

एकोणीस वर्षांचा मर्कल

आता मूळ प्रश्न. तिसरा गडी बाद होत असतानाच कोणीतरी होमवर पोचला, तर धाव धरायची का?

नियम असा. तिसरा बाद 'खो'मधला असेल, किंवा बॅटर पहिल्या बेसवर पोचायच्या आत बाद झाला असेल, तर धाव नाही. होमवरचा माणूस आधी पोचला असला तरी नाही. तिसरा बाद इतर कुठल्या प्रकारचा असेल, तर घड्याळ बघायचं. बाद होण्याआधी होमला पाय लागला असेल तर धाव, नाहीतर नाही.

"आधी पोचला तरी नाही?" हो. कारण खोची साखळी पूर्ण झाली तरच तो फटका पूर्ण झाला. साखळीतला एक जरी जागेवर पोचला नाही आणि तो तिसरा बाद ठरला, तर त्या फटक्यावरची धावच झाली नाही असं धरतात.

कागदावर हा नियम बरीच वर्षं होता, पण तो कोणी पाळत नसे. सामना जिंकणारी धाव होमवर आली की उरलेले खेळाडू अर्ध्यातूनच ड्रेसिंग रूमकडे सुटायचे. प्रेक्षक मैदानात घुसायच्या आत आपण निसटावं हा व्यवहारी विचार. अंपायरही काही म्हणत नसत. डॉक्युमेंटेशनमध्ये एक आणि प्रॉडक्शनमध्ये दुसरंच. ओळखीचं वाटतंय ना? :)

४ सप्टेंबर १९०८ रोजी पिट्सबर्गला शिकागो कब्ज विरुद्ध पायरेट्स सामन्यात नेमकं हेच झालं. दहाव्या इनिंगमध्ये विजयी धाव आली आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला पाय न लावताच निघून गेला. कब्जचा जॉनी एव्हर्स हा नियमपुस्तक कोळून प्यायलेला गडी. त्याने चेंडू घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला आणि अपील केलं. अंपायर हँक ओडे म्हणाला, मी पाहिलं नाही. धाव धरली गेली, कब्ज हरले. पण ओडेच्या डोक्यात तो मुद्दा राहिला असावा.

एकोणीस दिवसांनी, २३ सप्टेंबर १९०८ रोजी (निकरबॉकर नियमांना त्याच दिवशी ६३ वर्षं झाली होती!) न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स विरुद्ध कब्ज. स्पर्धेचं विजेतेपद पणाला. स्कोअर १-१, नववी इनिंग, दोन बाद. तिसऱ्या बेसवर मूस मॅककॉर्मिक, पहिल्यावर फ्रेड मर्कल. मर्कलचं वय १९. नेहमीचा खेळाडू दुखण्यामुळे बसला म्हणून त्या दिवशी त्याला सुरुवातीपासून संधी मिळालेली. अल ब्रिडवेलने चेंडू मधोमध मारला, मॅककॉर्मिक होमवर आला, जायंट्स जिंकले! गर्दी मैदानात घुसली. मर्कलने ती पाहिली आणि दुसऱ्या बेसला न जाता, सगळे करायचे तेच केलं. तो ड्रेसिंग रूमकडे पळाला.

एव्हर्स पुन्हा तिथेच. त्याने चेंडू मागितला. तो चेंडू कुठे गेला यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. जायंट्सच्या जो मॅकगिनिटीने तो प्रेक्षकांत भिरकावला असं म्हणतात, आणि एव्हर्सच्या हातात आलेला चेंडू तोच होता का हेही नक्की नाही. पण एव्हर्सने एक चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसला पाय लावला. आणि या वेळी अंपायर होता तोच, हँक ओडे. त्याने मर्कलला बाद दिलं. खोमधला तिसरा बाद, म्हणून धाव नाही. मैदान रिकामं करणं अशक्य, अंधार पडायला आलेला, म्हणून सामना बरोबरीत.

हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघ सारखेच. ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळवला, कब्ज ४-२ ने जिंकले आणि पुढे त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजही. (त्यानंतरची त्यांची पुढची वर्ल्ड सिरीज थेट २०१६ साली!)

मर्कलला वर्तमानपत्रांनी 'बोनहेड', म्हणजे आपल्या भाषेत 'ठोंब्या', ही पदवी दिली. ती त्याला जन्मभर चिकटली. तो १९५६ साली गेला, आणि अजूनही त्याचं नाव निघालं की त्याच एका न झालेल्या पावलासाठी निघतं. त्याचा मॅनेजर जॉन मॅकग्रॉ मात्र त्याच्या पाठीशी उभा राहिला, त्याला दोष दिला नाही, उलट पगार वाढवला. मला या गोष्टीत तो भाग फार महत्त्वाचा वाटतो. पोराने केलं ते रूढीप्रमाणे बरोबर होतं. नियम आणि रूढी यांच्यात फट होती आणि त्या फटीत १९ वर्षांचा मुलगा पडला.

झेल गेला, आता पळायचं की थांबायचं?

रहाणेने २०१५ साली गॉलच्या कसोटीत आठ झेल घेतले, यष्टिरक्षक नसलेल्या खेळाडूसाठी तो विश्वविक्रम होता. त्यातल्या एकाही झेलानंतर कोणी धाव काढायला पळालं नाही, कारण क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला त्याच क्षणी चेंडू मृत. २०२२ पर्यंत निदान 'क्रॉस' झाले का हे बघावं लागायचं, आता तेही नाही, नवा फलंदाजच स्ट्राइकला येतो (षटक संपलं नसेल तर).

सॉफ्टबॉलमध्ये झेलानंतर चेंडू जिवंतच असतो. बॅटर बाद, खो रद्द, प्रत्येकाने आपल्या बेसला परत पाय लावायचा. पण झेल हातात पडल्यावर बेसला पाय लागलेला असेल, तर तिथून पुढे पळायला पूर्ण मुभा. म्हणून लांब उंच झेल जातो तेव्हा तिसऱ्या बेसवरचा शहाणा गडी बेस सोडत नाही, झेल पडायची वाट बघतो आणि मग होमकडे सुटतो. क्रिकेटवाला नेमका याच वेळी झेल गेला म्हणून मान खाली घालून चालायला लागतो.

आता याच्यावरचा सगळ्यात भांडणाचा प्रसंग. एक बाद. पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. लांब झेल गेला, दोन बाद. तिसऱ्यावरचा नीट थांबून होमकडे पळाला. पहिल्यावरचा मात्र झेल सुटणार समजून अर्ध्या वाटेवर गेला होता, तो परत यायच्या आत चेंडू पहिल्या बेसवर. तीन बाद. धाव धरायची?

दहातले आठ जण म्हणतील, "नाही, बेसला पाय लावून बाद केलंय, म्हणजे फोर्स." चूक. बॅटर आधीच बाद झालाय. खो देणाराच नाही तर खो कुठला? पहिल्यावरच्याला कोणी उठवलं नव्हतं, त्याला फक्त परत यायचं होतं. त्यामुळे हा 'इतर प्रकारचा' तिसरा बाद. घड्याळ बघा. होमला पाय आधी लागला असेल तर धाव धरली जाते. सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर तासभर चालेल असा हा मुद्दा आहे, आणि उत्तर मात्र एका ओळीचं.

मुद्दाम सोडलेला झेल

क्रिकेटमध्ये झेल सोडून फायदा होत नाही. बेसबॉलमध्ये एकेकाळी भरपूर व्हायचा. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर माणसं, कोणी बाद नाही, आणि बॅटरने चेंडू जवळच उंच उडवला. झेल जाणार म्हणून दोघं बेसला चिकटून. क्षेत्ररक्षक खाली उभा राहतो आणि... मुद्दाम सोडतो! झेल नाही म्हणजे बॅटर जिवंत, म्हणजे खो चालू. दोघं बेसवरच उभे, त्यांना अचानक पुढे पळावं लागतं. चेंडू तिसऱ्यावर, मग दुसऱ्यावर, दोन बाद. पळाले असते आणि झेल घेतला असता, तरी मेले असते. इकडे आड तिकडे विहीर.

यावरचा उपाय आला १८९५ साली, 'इनफील्ड फ्लाय'. अशा वेळी चेंडू हवेत असतानाच अंपायर ओरडतो की बॅटर बाद. झेल घ्या नाहीतर सोडा. बॅटर बाद म्हणजे खो रद्द, म्हणजे बेसवरच्यांना पळायची सक्ती नाही. लबाडीचा फायदाच उरत नाही. अटी आता आपोआप कळतात. पहिला आणि दुसरा बेस भरलेला हवा (तिसराही असला तरी चालेल), कारण साखळी नसेल तर दोन बाद मिळणार नाहीत. दोनपेक्षा कमी बाद हवेत, कारण दोन बाद असतील तर साधा झेल घेतला तरी काम होतं. आणि झेल इनफील्डच्या खेळाडूला सहज जमण्यासारखा हवा. सपाट, बंदुकीच्या गोळीसारखा गेलेला फटका यात धरत नाहीत.

१९७५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकात विल्यम स्टीव्हन्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने या एका नियमावर विनोदी थाटाचा निबंध लिहिला, आणि तो वकिलांच्या जगात कमालीचा गाजला. त्यातला मुद्दा गंभीर आहे. सभ्य लोक खेळत होते तोवर हा नियम लागत नव्हता. जिंकण्यासाठी काहीही करणारे आले आणि रूढीने जे भागत होतं ते लिहून काढावं लागलं. कायदेही असेच वाढत जातात.

याच आजाराचा दुसरा रुग्ण म्हणजे 'सुटलेला तिसरा स्ट्राइक'. १८४५ च्या नियमांत होतं की तीन वेळा हुकल्यावर शेवटचा चेंडू कॅचरने पकडला तर बॅटर बाद, पकडला नाही तर बॅटरने पळायचं. म्हणजे कॅचरने काहीतरी करून दाखवल्याशिवाय बळी फुकट मिळायचा नाही. मग हुशार कॅचर बेस भरलेले असताना चेंडू मुद्दाम सोडायला लागले, कारण पुन्हा तीच खोची साखळी सुरू! १८८० च्या दशकात त्यालाही ठिगळ लागलं. पहिल्या बेसवर माणूस असेल आणि दोनपेक्षा कमी बाद असतील, तर बॅटर सरळ बाद. वेगवान सॉफ्टबॉलमध्ये हा नियम आजही आहे. रविवारच्या हौशी खेळात चेंडू उंच कमानीने हळू टाकतात, तिथे ही भानगडच नसते. तिसरा स्ट्राइक म्हणजे घरी.

सॉफ्टबॉलचं स्वतःचं ठिगळ

सॉफ्टबॉल जन्मला २४ नोव्हेंबर १८८७ रोजी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबच्या हॉलमध्ये. येल-हार्वर्ड फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी बॉक्सिंगचा हातमोजा फेकला, दुसऱ्याने तो काठीने परतवला, आणि जॉर्ज हँकॉकने तो मोजा दोरीने गुंडाळून खेळच मांडला. पुढे १८९५ साली मिनियापोलिसमध्ये लुईस रोबर या अग्निशमन दलातल्या माणसाने असाच खेळ मैदानात आणला. 'सॉफ्टबॉल' हे नाव १९२६ सालचं, आणि विखुरलेल्या नियमांना एकत्र बांधणारी अमेरिकेतली संघटना १९३३ ची.

हॉलमधल्या खेळाचं मैदान छोटं, बेस जवळजवळ. बेसबॉलसारखं आधीच चार पावलं पुढे सरकून उभं राहू दिलं तर दुसरा बेस चोरणं म्हणजे पोरखेळ. म्हणून सॉफ्टबॉलचा स्वतःचा नियम असा की पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडायचा नाही. हौशी संथ प्रकारात तर अनेक ठिकाणी चेंडू बॅटला लागेपर्यंत किंवा होम ओलांडेपर्यंत थांबावं लागतं. आधी सुटलात तर बाद.

क्रिकेटवाल्यांनो, हे ओळखीचं नाही का? डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीत विनू मंकडने बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं, आणि पुढची पंचाहत्तर वर्षं चर्चा चालली मंकडच्या सभ्यतेची. आधी सुटणाऱ्याबद्दल कोणी बोलेना! २०२२ साली तो नियम 'अखिलाडू खेळ'च्या प्रकरणातून उचलून साध्या 'धावबाद'मध्ये नेला. सॉफ्टबॉलने तो प्रश्न भावनेवर सोडलाच नाही.

मग आपलं काय?

हे सगळं अमेरिकेचं झालं. पण आपणही याच वाटेने गेलोय. गावोगावी वेगळा खेळला जाणारा खो-खो पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली नियमांत बसवायला घेतला. हुतूतूचे तर संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार होते, आणि फरक नेमका धावसंख्येचाच. मेलेला गडी परत जिवंत होतो की नाही, आणि तो बाहेर बसला तर गुण कसे मोजायचे. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे. म्हणजे "बाद म्हणजे नक्की काय?" हा प्रश्न आपल्या मातीतही तितकाच जुना आहे.

भारतात सॉफ्टबॉलची संघटना १९६१ साली जोधपूरला उभी राहिली. आता तो खेळ महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यात पोचलाय, पण नियमांची चर्चा अजून बहुतेक इंग्रजीतच चालते. पाथर्डी किंवा अकोल्यातल्या पोरीला 'फोर्स', 'टॅग अप', 'टाइम प्ले' हे शब्द पाठ करावे लागतात, आणि त्यामागचं कारण कोणी सांगत नाही. शालेय स्पर्धांत ठरावीक पातळीवर पोचलं तर दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणजे एका वादग्रस्त धावेवर फक्त चषक लटकलेला नसतो. तिथे पंचाशी हुज्जत घालणारा प्रशिक्षक कामाचा नाही, "खो रद्द झाला होता सर, म्हणून ती धाव धरा" असं शांतपणे सांगणारी मुलगी कामाची. तिला तो शब्द तिच्या भाषेत मिळाला तर पाठांतराची गरज नाही, खो-खो ती पहिलीपासून खेळत आलीय.

आपल्या रविवारच्या मंडळींसाठी सगळा लेख चार ओळींत:

१. मागून खो आहे का, हे चेंडू टाकायच्या आधीच बघून ठेवा. खो असेल तर सुटायचं, नसेल तर विचार करून सुटायचं.
२. झेल उंच असेल तर बेसजवळ राहा. झेल पडल्यावर पाय लावून पळता येतं.
३. तिसरा बाद खोमधला किंवा बॅटरचा पहिल्या बेसआधीचा असेल तर धाव नाही. बाकी वेळी घड्याळ.
४. जिंकणारी धाव झाली तरी आपल्या बेसला पाय लावल्याशिवाय नाचायचं नाही.

आणि एक पाचवी, ती कुठल्या पुस्तकात नाही. स्थानिक नियम खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही कॅप्टननी मोठ्याने बोलून घ्या. बेस कधी सोडायचा, इनफील्ड फ्लाय कोण पुकारणार, बरोबरी झाली तर काय. बरोबरीत दुसऱ्या बेसवर माणूस उभा करून जादा इनिंग सुरू करायची पद्धत सॉफ्टबॉलमध्ये जुनी आहे, बेसबॉलच्या मोठ्या लीगने ती २०२० साली उचलली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि सॉफ्टबॉल दोन्ही असणार आहेत, तेव्हा टीव्हीसमोर घरातल्यांना समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येणारच आहे.

आणि तुमच्या संघात एखादं नवखं पोरगं अर्ध्या वाटेतून परत फिरलं आणि धाव गेली, तर त्याला ठोंब्या म्हणू नका. आधी विचारा, हा नियम आपल्यापैकी कोणी त्याला सांगितला होता का?